गालगुंडाची साथ आणि वसतिगृह

नाशिकच्या गंगापूर रोडवरील महाविद्यालयीन वसतिगृहात गालगुंडाचे रुग्ण आढळल्यामुळे सर्वांना ताबडतोब घरी पाठवावे, ही सूचना मला धोक्याची वाटते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे 16 ते 18 दिवस जातात, आणि गाल सुजण्याच्या दोन दिवस आधीपासून रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्यामुळे आज ठणठणीत दिसणारा मुलगा एसटीने सुरगाण्याला किंवा पेठला जाईल आणि आजार घरातल्या लहानग्यांपर्यंत पोहोचवेल. त्याऐवजी सूज आल्यापासून पाच दिवस रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे, डबा दाराशी पोहोचवावा आणि पाण्याच्या कूलरला साखळीने बांधलेला तो एकच स्टीलचा पेला आजच काढून टाकावा.

लस घेतली आहे, असे अनेक पालक खात्रीने सांगतात. मात्र सरकारी लसीकरणातील एमआर लस गोवर व रुबेला यांपासूनच संरक्षण देते. गालगुंडासाठी एमएमआर (गोवर, गालगुंड व रुबेला या तिन्हींवरची लस) लागते आणि तिच्या दोन मात्रांमध्ये किमान 28 दिवसांचे अंतर ठेवावे लागते.

खरी अडचण हजेरीची आहे. 75 टक्के हजेरी भरणार नाही या धास्तीने मुले गालाला रुमाल बांधून, ताप अंगावर काढत प्रात्यक्षिकाला बसतात. या पाच दिवसांची हजेरी ग्राह्य धरली जाईल आणि प्रात्यक्षिक पुन्हा घेतले जाईल, असे प्राचार्यांनी लेखी जाहीर करावे. तोंडी आश्वासनावर मुले विश्वास ठेवत नाहीत. वृषणात वेदना, तीव्र डोकेदुखी किंवा मान आखडणे जाणवल्यास मात्र रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.