मदत हवी आहे: ऑप्शन फॉर्ममध्ये एनआयआरएफ रँकला (केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला) किती महत्त्व द्यायचं?

नमस्कार मंडळी. लेकीला सीईटीत ९४ पर्सेंटाइल आहेत, कॉम्प्युटरच हवंय. परवापर्यंत कॅपचा (इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायचाय आणि घरात दोन तट पडलेत.

ह्यांनी एनआयआरएफची यादी प्रिंट काढून त्यावर पिवळं मार्कर फिरवलंय. वरचा नंबर, वरचा पर्याय, विषय संपला! मी निकष वाचत बसले. १०० पैकी ३० गुण संशोधन वगैरेला, १० नावलौकिकाला. शिवाय बरीचशी माहिती कॉलेजंच भरून देतात. बी.टेक.च्या पोरीला प्राध्यापकांच्या पेपरांचा कितपत उपयोग?

यादीत वर असलेलं एक कॉलेज बघून आलो. इमारत चकाचक, पण लॅबमधले निम्मे पीसी झाकून ठेवलेले. गावाजवळच्या, यादीत नसलेल्या कॉलेजात मुलं रात्री आठलाही प्रोजेक्ट करत होती. तिचं मन तिथेच आहे.

पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, म्हणून धाकधूक.

ज्यांची मुलं शिकताहेत त्यांनी सांगा ना: कंपन्या रँक विचारतात का? आणि प्लेसमेंटचे खरे आकडे कुणाकडून काढायचे? सिनियर मुलं बोलतात का मोकळेपणी?