मदत हवी आहे: खुराड्यासाठी फुकटात मिळणारं लाकूड घ्यावं का?

मंडळी, मुंबईची नोकरी संपवून गुहागरजवळ गावी राहायला आलोय. घरापासून समुद्र हाकेवर. नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आजवर पडवीत टोपलीखाली झोपत होते. मागच्या महिन्यात मुंगसाने दोन नेल्या, तेव्हापासून घरात माझ्याशी फक्त खुराड्याविषयीच बोललं जातं.

चिऱ्याचा चौथरा झालाय. वर सहा बाय चार फुटांचं खुराडं आणि पुढे सोळा बाय आठ फुटांचं जाळीचं आवार, असा बेत आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आत उभं राहायला हवं.

घोळ लाकडाचा आहे. मी कोंबड्या पाळतोय हे कळल्यापासून सगळा गाव दानशूर झालाय. शेजारी रेल्वेचे दोन जुने स्लीपर (रुळांखालचे लाकडी ओंडके) देतो म्हणतात. काळे, उन्हात तापले की डांबरासारखा वास. मेहुण्याकडे मोडलेल्या होडीच्या फळ्या आहेत, निळा-लाल रंग अजून शाबूत. एक टेम्पोवाला लोट्याच्या एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांचे पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) आणून देईल. आणि वखारवाल्याकडे (हे फुकट नाही) हिरवट झाक असलेला पाइन आहे, 'वाळवी तोंड लावणार नाही' अशी हमी. वाळवी लावणार नसेल तर कोंबडीने लावावं का, ही माझी शंका.

सागवान परवडत नाही. परसात वादळात पडलेला रायवळ आंबा आहे आणि चिरून ठेवलेला थोडा फणस. कशाचं काय करू? शिवाय सगळेच सांगतात की खांबांना गाडीचं जळकं ऑइल फासा. फासू का?

चिरेबंदी:
स्लीपर नकोच. तो वास क्रिओसोटचा, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेल्या तेलाचा. उन्हात ते पाझरतं, कातडीलाही चावतं. हिरवट पाइनबद्दल वखारवाल्याला सरळ विचारा, कशात बुडवलाय? तांबं-क्रोम-आर्सेनिकचं मिश्रण असेल तर सोडून द्या. अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते थांबवलं गेलं. आपल्या पावसात ते धुऊन मातीत उतरणार, आणि कोंबडी दिवसभर तीच माती उकरते, तिच्यातच लोळते. मग अंड्यात. त्याचे तुकडे न्हाणीच्या चुलीतही घालू नका. राखेत आर्सेनिक उरतं आणि तुमच्या कोंबड्या राखेत अंघोळ करणारच.

होडीच्या फळ्यांचा मोह मलाही झाला असता. पण पाण्याखालच्या भागाला कालवं बसू नयेत म्हणून तांब्याचा विषारी रंग देतात. वरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि कोंबडीला पोपडा टोचायला फार आवडतं.

रंधा:
पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि शेजारी अक्षरं असतात. एचटी म्हणजे तापवून किडे मारलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एचटी चालतं, पण केमिकल कारखान्यात त्यावर काय सांडलं हे शिक्का सांगत नाही. डाग किंवा वास असेल तर परत पाठवा.

तुमच्या दारात फणस आहे आणि तुम्ही पाइन शोधताय? फणसाच्या पिवळ्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, चौकट त्याचीच करा. कडेचा पांढरा भाग तासून टाका. कमी पडेल तिथे किंजळ किंवा ऐन (दोन्ही जंगली झाडं), जून आणि सुकलेला. आंब्याला भुंगा लागतो, भिजला की कुजतो. आतल्या अंडी घालायच्या पेट्यांपुरता ठीक. भिंतींना पोफळीच्या रिपा छान, पण फटींत लाल किडे लपतात, म्हणून आतून दरवर्षी चुना मारा. बसायला सुरूचा दोन इंची वासा, साल काढून.

खांब जमिनीत गाडूच नका. चिऱ्यावर लोखंडी पट्टीत उभे करा, अर्धी वाळवी तिथेच संपली. जळकं ऑइल अजिबात नको.

धागाकर्ता:
ऑइल नाही, मग काजूच्या टरफलाचं तेल? आमच्याकडे होड्यांना लावतात.

रंधा:
बाहेरून, चोचीच्या उंचीच्या वरच लावा. ताजं असताना हाताला फोड येतात, तेव्हा हातमोजे घाला आणि पूर्ण सुकल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका. आतून काहीच नको, चुना पुरे. आणि जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. षटकोनी चिकन-मेश कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही.

धागाकर्ता:
स्लीपर साभार परत. शेजारी आता त्यांचा अंगणात बाक करतायत. पांढरी पँट घालून कोणी जाऊ नये. फणस मोजला, चौकटीचे चार खांब निघतात, आवाराला अजून सहा लागतील. चिपळूण ते गुहागर पट्ट्यात सुकलेला किंजळ कोणाच्या पाहण्यात आहे का? ओला देऊन 'सुकेल हो' म्हणणारी वखार नको, तशी एक पाहून झाली.