दिव्यांगांचं निवासी शिबिर, नर्स एकटीच: औषधवाटप कसं बसवावं?

दुपारपाळी
मे महिन्यात दापोलीजवळ सात दिवसांचं निवासी शिबिर आहे. ३८ शिबिरार्थी, वय १६ ते ४५. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, ऑटिझम, शिवाय मणक्याला इजा झालेले चौघं. जवळपास निम्म्यांना फिट्सची औषधं चालू आहेत. नर्स मी एकटी (जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा), मदतीला दोन मावशी आणि कॉलेजची पोरं. वॉर्डात फाइल असते, डॉक्टर असतात. इथे औषधं पिशवीतून येणार. वाटप कसं बसवायचं? आणि आणखी कुठे फसायला होतं?

पांढरी टोपी
फसायला होतं ते पहिल्याच दिवशी, नोंदणीच्या टेबलावर. पालक सात कप्प्यांच्या डबीत सुट्या गोळ्या भरून आणतात. पांढरी गोल गोळी नेमकी कसली, हे नंतर कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे पंधरा दिवस आधी कळवा: मूळ पट्टीतच आणा, सोबत प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, आणि सात दिवसांसाठी नऊ दिवसांचा साठा. एखादी गोळी थुंकली जाते, एखादी सांडते.

फॉर्मवर 'सकाळ-रात्र' चालवून घेऊ नका, घड्याळाची वेळ लिहून घ्या. गोळी कशी घेतो तेही विचारा: पाण्यासोबत, दह्यातून की कुटून. कुटून म्हणाले तर पट्टी बघा. 'क्रोनो', 'सीआर', 'ईआर' असलं काही लिहिलं असेल तर ती हळूहळू सुटणारी गोळी, कुटायची नाही, दिवसभराचं औषध एकदम सुटतं. सिरपला 'एक चमचा' हे मापच नव्हे. व्हॅल्प्रोएटच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २०० मिग्रॅ असतं, लेव्हेटिरासेटमच्या ५ मिलीत ५००. मिग्रॅ आणि मिली दोन्ही लिहा, सिरिंजने मोजा.

माणशी पाच-सहा मिनिटं धरली तरी ३८ जणांना सव्वातीन ते पावणेचार तास लागतात. एकाने गोळ्या मोजायच्या, दुसऱ्याने लिहायचं, पालकांची सही घ्यायची. बस सुटायच्या आधी, घाईत हे होत नाही.

वाटताना ट्रे घेऊन जेवणघरात फिरू नका. टेबल एका जागी, एका वेळी एकच जण. तक्त्यावर फोटो हवाच. 'तू गणेश ना?' विचारलं की बरीच मुलं मान डोलावतात, गणेश असोत वा नसोत. नाव त्यालाच विचारा, बोलत नसेल तर फोटो आणि मनगटावरची पट्टी जुळवा. गिळल्यावर तोंड बघा आणि मगच टिक करा. आधी टिक करून ठेवणं ही या कामातली सगळ्यात वाईट सवय.

खाडीकाठ
वरच्या सगळ्याला दुजोरा. एक भर: रात्रीच्या डोसची वेळ कार्यक्रमाला बांधू नका. शेकोटी आणि गाणी लांबतात, आठची गोळी साडेदहाला जाते, वर जागरण. दोन रात्री असं झालं की पहाटे फिट येते आणि सगळे म्हणतात, 'घरी तर वर्षभर आली नव्हती.' शेकोटीवरच जाऊन द्या, पण आठलाच.

फिट आली की आधी घड्याळ बघायचं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ. चप्पल, कांदा, तोंडात चमचा यातलं काही नाही, आणि हे स्वयंसेवकांना पहिल्याच संध्याकाळी सांगा, कारण कांदा आणायला तेच धावतात. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मिडाझोलामचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) स्प्रे, ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डोसप्रमाणे. इथे एक खाच आहे: एका फवाऱ्यात ०.५ मिग्रॅ असलेली आणि १.२५ मिग्रॅ असलेली, अशा दोन्ही बाटल्या मिळतात. 'चार फवारे' एवढंच लिहिलेलं असेल तर बाटली बदलली की डोस अडीचपट होतो. स्प्रे दिल्यावर श्वासावर लक्ष ठेवा, माणसाला एकटं सोडू नका, आणि १०८ ला फोन तोवर झालेला असावा.

कोकणातल्या मे महिन्याचं वेगळंच. पॅसिटेन, टोपिरामेट, झोनिसामाइड घेणाऱ्यांना घाम कमी येतो. अंग गरम, कोरडं आणि माणूस मलूल दिसला की सावलीत न्या, अंगावर ओलं कापड, वर पंखा. नावं आधीच वेगळी काढा, ११ ते ४ त्यांना मैदानावर ठेवू नका. पाणी कमी पितात त्यामागे बऱ्याचदा टॉयलेटची अडचण असते: उचलून बसवायला कोण येणार, या संकोचाने. टॉयलेटच्या वेळा ठरवून दिल्या की पाणी आपोआप वाढतं. ज्यांना पातळ पाण्याने ठसका लागतो त्यांना घरी देतात तेवढंच दाट, पेजेसारखं. आणि शौचाची नोंद रोज. शिबिरात बद्धकोष्ठ जवळजवळ सगळ्यांना होतं.

चाकाखालची वाळू
मणक्याच्या चौघांबद्दल. इजा टी-६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया माहीत हवा, म्हणजे इजेखाली काही टोचलं-तुंबलं की बीपी एकदम चढणं: अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल, इजेच्या वरच्या भागात घाम, बीपी चढलेलं. यांचं नेहमीचं बीपी ९०-१०० असू शकतं, त्यामुळे १३० बघून 'नॉर्मल आहे' म्हणू नका. पहिल्या दिवशीच प्रत्येकाचं मोजून लिहून ठेवा. चक्कर समजून आडवं करतात, तिथेच चुकतं. बसतं करा, पाय खाली, पट्टे सैल करा, मग लघवीच्या कॅथेटरची नळी मुडपली आहे का बघा, नंतर शौच अडकली आहे का. कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरलं नाही तर थांबू नका, १०८.

स्वतः कॅथेटर घालणाऱ्यांना दिवसाला पाच धरले तर सात दिवसांचे ३५, वर दहा जास्तीचे. स्पायना बिफिडा (जन्मतः मणका नीट न जुळलेला) असेल तर लॅटेक्सचे हातमोजे नकोत, त्याची अ‍ॅलर्जी असू शकते, नायट्राइलचे घ्या. फुगेही नकोत, आणि ते सजावटवाल्यांना सांगावं लागतं.

समुद्रावर तापलेली वाळू आणि उन्हात राहिलेला व्हीलचेअरचा फूटरेस्ट, दोन्हीने पाय भाजतो आणि कळत नाही. फोड संध्याकाळी सापडतो. मोजे घालूनच न्या, ओले कपडे लगेच बदला. रोज रात्री टॉर्चने टाचा, माकडहाड, बसायची हाडं बघा. दाब काढल्यावर अर्ध्या तासानेही लाली राहिली तर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर भार नाही.

दुपारपाळी
भरपूर मिळालं, धन्यवाद. विंचवाचं काय? जागा जुनी, दगडी आहे.

खाडीकाठ
कॅलिपर, स्प्लिंट, बूट रात्री जमिनीवर ठेवू नका, खुंटीला टांगा आणि सकाळी झटकून घाला. न बोलणारा शिबिरार्थी अचानक रडायला लागला, घाम फुटला, हातपाय गार पडले तर विंचू डोक्यात असू द्या. विंचूदंशावर प्राझोसिन (बीपी उतरवणारं औषध) महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुळवलं, पण ते डॉक्टरांनी बीपी बघून द्यायचं, आपण नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आणि सापाची लस आहे का, शिबिराआधी स्वतः जाऊन विचारा. फोनवर सगळं 'आहे' असतं.