मदत हवी आहे: पावसाळी लाइनच्या लेव्हल जुळत नाहीत, चर बुजवू द्यावा का?

नवी_जेई
नमस्कार. नवी मुंबईत खाडीच्या बाजूच्या एका नोडमध्ये पावसाळी पाण्याची लाइन टाकायचं काम चालू आहे, देखरेख माझ्याकडे आहे. ६०० मिमी व्यासाचे एनपी-३ (सळईच्या काँक्रिटचे) पाइप, एकूण १८० मी., दर ३० मी.वर चेंबर, नकाशात उतार १:३००. शेवटी जुन्या उघड्या नाल्याला जोडायची आहे. लाइनवर येणारं क्षेत्र अडीच हेक्टर, जवळजवळ सगळं काँक्रिट आणि डांबर.

१२० मी.पर्यंत पाइप बसलेत. ठेकेदाराला उद्या चर बुजवायचा आहे. बेंचमार्क (माहीत उंचीची खूण) ४.२५०, त्यावरचं पहिलं रीडिंग म्हणजे बॅकसाइट १.२१५, सगळं मीटरमध्ये. स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) पाइपाच्या आतल्या तळावर ठेवून घेतलेली रीडिंग:

० मी. – ३.१०५
३० मी. – ३.२००
६० मी. – ३.३१०
९० मी. – ३.३४५
१२० मी. – ३.५०५

मुकादम म्हणतो, "मॅडम, पाच-सहा सेंटीचं पाण्याला काय कळतंय?" हे चालवून घ्यावं का? आणखी दोन गोष्टी. चेंबर आणि नाल्याला जोडणारा बॉक्स मिळून २४ घनमीटर एम-३० (२८ दिवसांना ३० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचं) काँक्रिट आहे आणि ते रात्री ओतायचं म्हणतायत. शेजारच्या प्लॉटवर तळघराची खोदाई चालू आहे, तिथलं गढूळ पाणी आमच्याच चेंबरमध्ये सोडतात. तिथे नेमकं काय तपासायचं आणि काय लिहून ठेवायचं?

लेव्हलवाला
बुजवू देऊ नका. आधी आकडे बघू.

उपकरणाची उंची ४.२५० + १.२१५ = ५.४६५. तळाच्या लेव्हल अशा येतात: २.३६०, २.२६५, २.१५५, २.१२०, १.९६०. १:३०० ला दर ३० मी.वर १०० मिमी उतरायला हवं, म्हणजे २.३६०, २.२६०, २.१६०, २.०६०, १.९६०. बाकी सगळं ५ मिमीच्या आत आहे, ते उत्तम. ९० मी.वर मात्र पाइप ६० मिमी वर बसलाय.

यंत्राची चूक नसावी. यंत्राची रेषा तिरकी असती तर लांबच्या रीडिंगमध्ये फरक वाढत गेला असता, १२० मी.वर पुन्हा जुळलं नसतं. तरी पुन्हा बेंचमार्कवर येऊन शेवटचं रीडिंग घ्या आणि किती फरक आला ते वहीत लिहा. हे वहीत नसेल तर उद्या ठेकेदार पहिला प्रश्न तोच विचारेल.

आता पाण्याला काय कळतं ते. ६० ते ९० मी.मध्ये उतार ३५ मिमी, म्हणजे १:८५७. ९० ते १२० मध्ये १६० मिमी, म्हणजे साधारण १:१८८. या रीडिंगांत चेंबर ते चेंबर उलटा उतार दिसत नाही, मधे कुठे असला तर तिथे पाणी साचेल. शिवाय मॅनिंगच्या (पाण्याचा वेग काढायच्या) सूत्राने खडबडीतपणा ०.०१३ धरला तर ६०० मिमी पाइप १:३०० ला भरून वाहताना वेग १.२५ मी. प्रतिसेकंद आणि प्रवाह ३५४ लिटर प्रतिसेकंद. तोच पाइप १:८५७ ला फक्त २१० लिटर नेतो, कारण उताराचं वर्गमूळ मोजलं जातं. वेग येतो ०.७४. तोही पाइप भरून वाहतानाचा. पाणी तळाला असतं तेव्हा तो आणखी कमी, मग रेती पहिल्यांदा तिथेच बसते.

मागणी किती? ताशी ५० मिमी पाऊस, अपवाह गुणांक (पावसातला वाहून येणारा भाग) ०.८, अडीच हेक्टर: ०.८ × ५० × २.५ ÷ ३६० = ०.२७८, म्हणजे २७८ लिटर. नकाशाप्रमाणे टाकली तर लाइन पुरते, आत्ता आहे तशी पुरत नाही. वरच्या चेंबरात पाणी तुंबून दाबाने थोडं ढकललं जाईल, पण सखल रस्त्यावर ते तुंबणं म्हणजेच जाळीतून पाणी वर येणं. मुकादमाला एवढंच सांगा.

पुढचं काम: ६० ते १२० मध्ये प्रत्येक सांध्यावर, म्हणजे दर २.५ मी.वर, लेव्हल घ्या. उंचवटा दोन पाइपांचा आहे की दहांचा, ते ३० मी.च्या रीडिंगवरून कळत नाही. कारण बहुतेक वेळा खाली असतं: जुनी केबल, पाण्याची सर्व्हिस लाइन, नाहीतर न फोडलेला दगड. गादी जाड करून पाइप वरून नेलेला असतो.

खाडीकाठ
तुमचा बेंचमार्क कुठल्या डेटमवर (शून्य पातळीवर) आहे ते आधी विचारा. ४.२५० सरासरी समुद्रसपाटीपासून असेल तर पुढचं वाचा.

१:३०० ने शेवटचं टोक १.७६० वर येतं. वर्तमानपत्रात येते ती भरतीची उंची चार्ट डेटमवरून (सागरी नकाशांची शून्य पातळी, खालच्या ओहोटीजवळची) असते, समुद्रसपाटीवरून नाही. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या सुमारे २.५ मी. वर आहे. म्हणजे ४.५० मी. भरती तुमच्या नकाशात साधारण +२.०० ला येते, पाइपाचा तळ २४ सेंमी पाण्याखाली. ४.८० च्या उधाणाला पाणी +२.३० ला, आणि पाइपाचा माथा आहे २.३६० ला. या दोन डेटमची गल्लत नेहमीची आहे. "साडेचारची भरती, आपला रस्ता सव्वाचारला, मग रस्ता बुडणार" असं म्हणून लोक घाबरतात, नाहीतर उलट बाजूने चुकून निश्चिंत राहतात. खाडीच्या वरच्या टोकाला भरती मुंबई बंदराच्या तक्त्यापेक्षा उशिरा येते हेही लक्षात ठेवा.

म्हणून विचारायचं हे: नाला धारण तलावात जातो की थेट खाडीत? सिडकोने नवी मुंबईत धारण तलाव केले ते याचसाठी. भरतीत झडपा मिटतात, शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला निघून जातं. तलाव असेल तर तुमच्या लाइनला भरतीपेक्षा तलावाची पातळी महत्त्वाची. तलाव गाळाने भरला असेल किंवा झडपेत प्लास्टिक अडकून ती अर्धी उघडी राहत असेल तर हिशोब बिघडतो. तलावात कांदळवन वाढलं असेल तर ते साफ करायला मुकादम पाठवू नका, त्याला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. थेट खाडीचा नाला असेल तर पाइपाच्या तोंडाला झडप नकाशात आहे का बघा, आणि ती पूर्ण उघडायला नाल्याच्या तळापासून मोकळी जागा आहे का तेही.

एक धोका कुणी बोलत नाही. चरात पाणी भरलं आणि पाइपाची दोन्ही तोंडं बंद असली तर रिकामा पाइप उचलला जातो. भिंत ८५ मिमी धरली तर ६०० च्या पाइपाचं वजन मीटरला सुमारे ४४० किलो आणि पाण्याची उचल ४६५ किलो. खाऱ्या पाण्यात उचल थोडी जास्तच. ९० मी.वरचा उंचवटा असाही येऊ शकतो. रात्री पंप बंद पडला होता का, चौकशी करा.

नवी_जेई
खूप आभार. बेंचमार्क समुद्रसपाटीवरूनच आहे, नाला धारण तलावात जातो. सांध्यांवर रीडिंग घेतली. ८२.५ ते ९७.५ एवढेच सहा पाइप वर आहेत. बाजूने उकरल्यावर खाली आडवी जाणारी उच्चदाबाची केबल दिसली, वर विटा आणि फरशी. पंप चालू होता. आता केबल हलवायची की लाइन बदलायची?

लेव्हलवाला
दोन्ही वाटा मोजून उपअभियंत्यांपुढे ठेवा, निर्णय तुम्ही एकट्या घेऊ नका. केबलला कुणालाही हात लावू देऊ नका. महावितरणचा माणूस आल्याशिवाय तिथे पहारही चालवायची नाही, जेसीबी तर नाहीच.

पहिली वाट: केबल खाली घेता आली तर सहा पाइप उचलून पुन्हा १:३०० ला बसवायचे. स्वस्त, पण परवानगीला वेळ जातो.

दुसरी: ९० चं चेंबर २.१२० ला तसंच ठेवून उताराचे दोन भाग करायचे. ० ते ९० मी.मध्ये २४० मिमी, म्हणजे १:३७५. ९० ते १८० मध्ये २.१२० वरून १.७६० ला, ३६० मिमी, म्हणजे १:२५०. १:३७५ ला प्रवाह ३१७ लिटर येतो, तुमच्या २७८ ला पुरतो. पण ३० मी.चं चेंबर १५ मिमी आणि ६० चं ४५ मिमी वर घ्यावं लागेल, म्हणजे वरचे ९० मी. बहुतेक सगळे पाइप पुन्हा बसवायचे, आणि १२० पर्यंतचेही. शिवाय केबल आणि पाइप यांच्यात किती अंतर ठेवायचं ते महावितरणकडून लेखी घ्या. पाइप केबलवर टेकवून चालणार नाही.

तिसरी वाट ठेकेदार सुचवेल: "आतून सिमेंटचा हात मारून उतार काढून देतो." नको. ६० मिमीचा थर म्हणजे पाइपाचा व्यास कमी करणं, आणि पहिल्या जेटिंग मशीनला तो निघून येतो.

रेडीमिक्स
रात्री ओतू नये असा नियम नाही, तुम्ही हजर नसताना ओतू नये. २४ तास आधी लेखी सूचना आणि तुमच्या सहीचं पोअर कार्ड (ओतकामाची परवानगी) असल्याशिवाय गाडी मागवायची नाही, हे साइट ऑर्डर बुकात आजच लिहा.

सळईचं वजन मोजा, नुसता व्यास नको. व्यासाचा वर्ग भागिले १६२: १० मिमीला ०.६१७ किलो प्रति मीटर, १२ ला ०.८८९. १० पर्यंत ७ टक्के, १२ ते १६ ला ५ टक्के फरक चालतो. खाडीकाठी हवामान 'सिव्हिअर' (तीव्र) धरतात, कव्हर म्हणजे सळईवरचं काँक्रिट ४५ मिमी. कव्हर ब्लॉक लावलेत का हात घालून बघा, खडीचा तुकडा चालणार नाही. ज्या भागाला भरतीचं पाणी थेट लागतं तिथे आयएस ४५६ (काँक्रिटचं भारतीय मानक) एम-४० आणि ७५ मिमी कव्हर मागतं. तुमचा बॉक्स तलावाच्या शहराकडच्या बाजूला आहे म्हणून एम-३० ठीक, पण झडपेतून खारं पाणी आत येत असेल तर हा प्रश्न डिझाइनवाल्यांना विचाराच.

गाडी आली की चलनावरची भरण्याची वेळ बघा, दोन तासांत रिकामी व्हायला हवी. स्लम्प (काँक्रिट किती पातळ ते बघायची चाचणी) आधी, ओतकाम नंतर. ड्रायव्हर पाइपाने पाणी मारतो तिथे उभ्या राहा. घनमीटरला ३८० किलो सिमेंट आणि १७१ लिटर पाणी म्हणजे गुणोत्तर ०.४५. ६ घनमीटरच्या गाडीत १२० लिटर पाणी वर घातलं की ते ०.५० वर गेलं. पातळ हवं असेल तर प्लांटच्या माणसाने अॅडमिक्स्चर (पातळ करणारं रसायन) घालावं.

२४ घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, एकूण नऊ. ७ दिवसांचे क्यूब वेगळे. क्यूबवर तारीख आणि गाडी नंबर ओलं असतानाच कोरा. २८ दिवसांना एकही नमुना २८ च्या खाली नको, आणि तिन्ही नमुन्यांची सरासरी किमान ३४. ब्लेंडेड सिमेंटला क्युरिंग किमान १० दिवस. ओली गोणपाटं हवीत, सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून भागत नाही.

तुमच्या माघारी ओतलंच तर भांडू नका. एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद करू नका, त्याच दिवशी वर लेखी कळवा आणि रिबाउंड हॅमर, कव्हर मीटर, गरज पडली तर कोअर (कापून काढलेला नमुना), या चाचण्या ठेकेदाराच्या खर्चाने मागा.

चर_चेंबर
चर बुजवण्याबद्दल. तुमची खोली दोन मीटरच्या आसपास असणार. दीड मीटरच्या वर बाजूला आधार हवा, फळ्या आणि आडवे ठोकळे. खाडीचा काळा चिखल कोरडा दिसतो तेव्हाच जास्त दगा देतो. उकरलेला ढीग चराच्या काठावर ठेवू देऊ नका.

तो चिखल परत भरावात घालायचा नाही. बाहेरचा मुरूम, १५० ते २०० मिमीचे थर, प्रत्येक थरावर थोडं पाणी. आधी पाइपाच्या दोन्ही कुशी हाताने ठोकून भरा. कुशी पोकळ राहिल्या की पाइप फक्त तळावर टेकतो आणि माथ्याला चीर जाते. पाइपाच्या वर ३०० मिमी होईपर्यंत यांत्रिक धुम्मस नको, रोलर त्याच्याही नंतर. घनता ९५ टक्के, चाचणी थराथरात घ्या. वरच्या थरावर एक चाचणी करून खालचे सगळे पास करणं ही जुनी पळवाट आहे.

बुजवण्याआधी आरसा-बॅटरी चाचणी: एका चेंबरातून उजेड, दुसऱ्यातून आरसा. पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ. खालून कापलेला दिसला तर कुठे तरी पाइप वर आहे. त्यासाठी चेंबरात माणूस उतरवू नका, काठीला आरसा बांधा. जुन्या, वाहत्या लाइनच्या चेंबरात तर कुणालाच उतरवायचं नाही, तिथे गॅस असतो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदाही आहे.

खाडीकाठ
प्लॉटच्या पाण्याचं राहिलं. पंप सेकंदाला १० लिटरचा असेल आणि पाणी अर्धा तास थांबवायचं असेल तर १८ घनमीटरची टाकी लागते, आत दोन-तीन कप्पे. साइटवर असतो २०० लिटरचा ड्रम. टाकीतून बाहेर पडणारं पाणी पारदर्शक बाटलीत भरून अर्धा तास ठेवा, तळाला बोटभर थर बसला तर टाकी निकामी. पायलिंगचा बेंटोनाइट (बारीक मातीचं घोळ) मात्र अर्ध्या तासात बसतच नाही, तो टँकरनेच न्यायला लावा. ट्रान्झिट मिक्सरची धुलाईही बघा, सिमेंटचं पाणी चेंबरात घट्ट झालं की छिन्नीनेच निघतं.

नोंद अशी: चेंबर क्रमांक, वेळ, सळईने मोजलेली गाळाची जाडी, वर आणि खाली एकेका चेंबरचा फोटो. वरचं स्वच्छ आणि खालचं भरलेलं दिसलं की गाळ कुणाचा हा वाद उरत नाही. पंचनाम्यावर प्लॉटच्या साइट इंजिनीअरची सही घ्या. देत नसेल तर तसं लिहून दोन साक्षीदार. आणि पाऊस नसताना, प्लॉटचा पंपही बंद असताना लाइनमध्ये पाणी वाहत असेल तर बहुतेक कुणीतरी मलजोडणी दिलेली असते, रंगीत पाणी सोडून शोधा.

नवी_जेई
ठरलं. केबल खाली घ्यायला महावितरणने होकार दिलाय, सहा पाइप उचलतोय. जुन्या रबर रिंग पुन्हा वापरल्या तर चालतील का?

लेव्हलवाला
नाही. एकदा दाबलेली रिंग पुन्हा नीट फुगत नाही, नव्या घ्या. सॉकेटमधली माती फडक्याने पुसून मगच बसवा. सहा पाइपांना सात सांधे लागतात, रिंगा आठ मागवा.