तापू जमिनीवरचा खून: रहस्यकथेला तिथे जागा आहे का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. मी आठ वर्षं झाली रोटोरुआच्या जवळ राहतेय आणि रहस्यकथांचं वेड तर शाळेपासूनचं. न्यूझीलंडमधे घडणाऱ्या खुनाच्या कथांमधे एक साचा इतक्या वेळा समोर आलाय की आता राहवत नाही म्हणून लिहितेय. जंगलात हाडं सापडतात, जमीन माओरींची म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, तापू म्हणजे पवित्र, सहज हात न लावायची. शहरातून फॉरेन्सिकवाली बाई येते, गावातले म्हातारे तिला अडवतात, कुणीतरी शापाबिपाचं बोलतं, मग बाई लॅबच्या जोरावर खुनी शोधून काढते आणि म्हातारे मान खाली घालून गप्प. म्हणजे तापू या शब्दाचं काम काय, तर भीती घालणं आणि तपासात खोडा घालणं, बास.

इथे राहून जे पाहिलंय ते वेगळंच आहे. माणूस गेला की त्याला एक क्षण एकटं सोडत नाहीत, मराएवर म्हणजे जमातीच्या सभास्थानी आणतात, तांगी म्हणजे अंत्यविधी साधारण तीन दिवस चालते, लोक मृताशी बोलतात, रडतात, भांडतातसुद्धा. उरुपातून म्हणजे दफनभूमीतून बाहेर पडताना हातावर पाणी घेतात. माझी आजी मसणातून आलेल्यांना अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकू द्यायची नाही, त्यामुळे मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. असं असताना त्या जमिनीचा आणि त्या मृताच्या माणसांचा नुसता पडद्यासारखा वापर करावा का? माझं मत स्पष्ट आहे, करू नये. लॅबमधली प्रत्येक बाटली जितकी नीट अभ्यासून लिहिता तितकाच त्यांचा विधीही अभ्यासा, नाहीतर खून दुसरीकडे घडवा.

सदाशिव_वाचक:
ताई, कळकळ पोचली पण अजिबात पटलं नाही. रहस्यकथेत अडथळा लागतोच. कधी बर्फ पडून रस्ता बंद होतो, कधी साक्षीदार खोटं बोलतो, इथे तापू आड येतो, त्यात अपमान कसला? आणि लेखकाने कशाकशाची परवानगी काढत बसायचं? मुख्य मुद्दा असा की मेलेल्या माणसाची बाजू कोण मांडणार? समजा मेलेली मुलगी माओरीच आहे आणि मारणारा तिच्याच घरातला आहे, तर घरच्यांनी "हात लावू नका" म्हटल्यावर तपास थांबवायचा का? म्हातारे अडवतात हे दाखवलं तर मला त्यात काही खोटं वाटत नाही, सगळ्या जगात घरचे अडवतात.

लॅबवाला:
मी मुंबईत पोस्टमॉर्टेम विभागात बरीच वर्षं काढलीत त्यामुळे सदाशिवरावांच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे संशयास्पद मृत्यूचा कलम 174 चा पंचनामा झाला (आता नव्या संहितेत कलम 194) की बॉडी येते आणि बाहेर नातेवाईक उभे, साहेब चिरफाड करू नका हो, असं हात जोडून सांगतात. वाईट वाटतं, पण संशयास्पद मृत्यूत आम्ही ऐकू शकत नाही. प्रेत थांबत नाही, पोटातलं विष, अंगावरचे वळ, अळ्यांचं वय, सगळं तासातासाला बदलतं.

न्यूझीलंडचा कायदाही शेवटी तिथेच येतो. त्यांच्या 2006 च्या कोरोनर्स कायद्यात (कोरोनर म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) जवळच्या कुटुंबाला पोस्टमॉर्टेमला हरकत घेता येते, पण मृत्यू गुन्ह्यातून झालाय असं दिसत असेल तर ती हरकत चालत नाही. म्हणजे खुनाच्या कथेत म्हाताऱ्यांनी अडवलं तरी डॉक्टर थांबणार नाही हे वास्तवच आहे. फक्त एक गोष्ट लेखक विसरतात ती सांगतो, त्याच कायद्यात कुटुंबाच्या माणसांना कोरोनरच्या परवानगीने मृतदेहाजवळ थांबायची सोय आहे. ते वाचलं तेव्हा मी बराच वेळ आमच्या गेटबाहेरच्या लोकांचा विचार करत होतो.

ओटागोची_लेक:
मी इथे पुरातत्त्व शिकतेय, म्हणून जरा हाडांबद्दल, कारण मला वाटतं तुम्ही तिघंही प्रेत ताजं आहे असं धरून चाललाय. जमिनीत हाडं सापडली की आधी पोलीस येतात, मग प्रश्न असतो जुनी की नवी. माणसाची वस्ती किंवा खुणा 1900 च्या आधीच्या असतील तर ती जागा 2014 च्या वारसा कायद्याखाली येते आणि तिथली इवी म्हणजे जमात चर्चेत येतेच येते.

आता खरी गंमत बघा, आणि ही मला एकाही कथेत भेटलेली नाही. जुन्या काळी माओरींमधे हाहुंगा नावाचा विधी होता. मृताला पुरायचं, काही काळाने हाडं परत बाहेर काढायची, खरवडून स्वच्छ करायची, कोकोवाई म्हणजे तांबडी गेरू लावायची आणि मग गुहेत किंवा गुप्त जागी कायमची ठेवायची. म्हणजे मांडीच्या हाडावर धारदार हत्याराचे ओरखडे आहेत, सांगाडा पूर्ण नाही, हाडं मूळ जागेवरून हलवलेली आहेत, वर लाल डाग. शहरातून आलेली ती हुशार फॉरेन्सिक बाई काय म्हणेल? तुकडे करून लपवलं! आणि ते असेल कुणाच्या तरी नातवाने किंवा पुतण्याने मायेने केलेलं काम. तिथे बसलेला कौमातुआ, म्हणजे जमातीतला जाणता वडीलधारा, दोन मिनिटांत सांगेल, पण त्याला कथेत फक्त शाप द्यायला बसवलेलं असतं.

रोटोरुआचंच अजून एक. 10 जून 1886 ला तारावेरा ज्वालामुखी फुटला, साधारण 120 माणसं गेली, बहुतेक माओरी. त्या राखेचा आणि चिखलाचा थर आजही जमिनीत दिसतो. थर अखंड असून हाडं त्याच्या खाली असतील तर 1886 च्या आधीची, थर फोडून पुरलेलं असेल तर नंतरचं. म्हणजे जिथे ती माणसं गाडली गेली तोच थर घड्याळ झाला. आणि प्रेत नवं असून माणूस पन्नासच्या दशकानंतर जन्मलेला असेल तर तेव्हाच्या अणुचाचण्यांचा कार्बन दातांत सापडतो.

सदाशिव_वाचक:
वा, हे भारी आहे! पण बघा ना, तुम्ही माझीच बाजू घट्ट केलीत. हाहुंगा कथेत आला तो सुगावा म्हणूनच आला ना? मग संस्कृती वापरलीच की. रानजाईताई म्हणतात तसं लेखकाला घाबरवून सोडलं तर तो खून ऑकलंडच्या फ्लॅटमधे घडवेल आणि आमच्यासारख्या वाचकाला हाहुंगा हा शब्दच कळणार नाही. मला आज तो या चर्चेत कळला, चाळीस वर्षं रहस्यकथा वाचून.

रानजाई:
सदाशिवकाका, चाळीस वर्षांत तो कळला नाही यावरूनच माझी तक्रार काय आहे ते कळतं ना? वापरायला माझी ना नाही, ज्यांचं आहे त्यांना ठोकळा करायला आहे. वायराउ बार या जुन्या माओरी वस्तीचं सांगते. साउथ आयलंडच्या ईशान्य टोकाला, 1939 पासून तिथे खणलं, चाळीसहून जास्त लोकांचे अवशेष काढून म्युझियममधे नेले, रांगिताने जमात तेव्हापासून नको म्हणत होती. शेवटी 2009 मधे ते पूर्वज परत आणून पुन्हा पुरले. पण पुरायच्या आधी त्याच रांगिताने लोकांनी ओटागो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना अभ्यास करू दिला आणि 2012 ला चार जणांचा पूर्ण मायटोकॉन्ड्रियल (आईकडून येणारा) डीएनए छापून आला. म्हणजे सत्तर वर्षं ज्यांना "विज्ञानाला अडवणारे" म्हटलं त्यांनीच दार उघडलं, फक्त विचारल्यावर आणि परत देणार म्हटल्यावर. त्यांच्यासाठी डीएनए म्हणजे फाकापापा, वंशावळ, आजोबा. ते कुपीत घालून फ्रीजमधे कायमचं ठेवायची वस्तू नाही.

लॅबवाला:
ताई, ते सातशे वर्षांपूर्वीचे लोक आहेत, तिथे सत्तर वर्षं वाट बघता येते. खुनात मला सात तास नसतात. हा फरक तुम्ही सारखा पुसताय. आणि नमुना परत द्या म्हणाल तर उद्या अपील झालं, बचाव पक्षाने पुन्हा तपासणी मागितली, तर काय दाखवू? एखादा निरपराध तुरुंगात असेल तर तोच फ्रीजमधला तुकडा त्याला सोडवेल. या मुद्द्यावर मी हलणार नाही.

रानजाई:
हे मान्य, अपीलाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण घाईतही जमतं हो. फाकारी म्हणजे व्हाइट आयलंड हे ज्वालामुखीचं बेट 9 डिसेंबर 2019 ला फुटलं तेव्हा 47 माणसं बेटावर होती, 22 गेली. ज्वालामुखी परत फुटेल अशी भीती, सगळे घायकुतीला आलेले. न्गाती आवा जमातीने समुद्रावर राहुई घातली, म्हणजे ते पाणी मृतांचं, मासेमारी नाही, वावर नाही. 13 तारखेला पहाटे कुटुंबं आणि जमातीचे लोक बोटीने गेले, प्रार्थना झाली आणि त्याच सकाळी लष्कराच्या टीमने सहा मृतदेह आणले. पुढे ओळख पटवायचं काम दात, बोटांचे ठसे, डीएनए असं नेहमीसारखंच. दोघं शेवटपर्यंत सापडले नाहीत. तिथे कुणी कुणाला अडवलं नाही. पोलिसांची पिवळी पट्टी आणि राहुई एकाच जागेवर होती.

मालवणी_माणूस:
इतका वेळ नुसता वाचत होतो. आमच्या गावच्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. तिथे उद्या प्रेत सापडलं तर पोलीस आत जाणारच, जायलाच पाहिजे. पण आधी गावकऱ्याला विचारतील, वाट कुठून आहे, आणि गावकरी पुढे होऊन दाखवेल. कथेत हा वाट दाखवणारा माणूस का नसतो एवढंच मला कळत नाही.

सदाशिव_वाचक:
परवानगीच्या मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे, लेखकावर बंधन नको. पण हाडांवरचे ओरखडे वाचायला म्हातारा हवा, हे घेतलं. तपास करणारीच माओरी असली तर? तिला हात लावायचाय आणि हात लावल्यावर ती स्वतः तापू होणार, घरी जाऊन लगेच पोराला जवळ घेता येणार नाही. ही कथा मी रात्र जागून वाचेन.

ओटागोची_लेक:
काका, पाण्याने हात धुतले की घेता येईल :) तेवढ्यासाठीच ते पाणी असतं. आणि कुणी खरंच लिहायला घेतलं तर एक विनंती, खुनी सापडला की पुस्तक मिटवू नका. शेवटच्या प्रकरणात ती हाडं कुणी, कधी आणि कुठे परत नेऊन ठेवली तेही लिहा.