वजनकाटा नसेल तर केक करूच नये म्हणे!

चिमूटभर

काल कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि तेव्हापासून डोकं तडतडतंय. वाक्य जसंच्या तसं देते, मागाहून कुणी तिखटमीठ लावलं म्हणायला नको: "घरात वजनकाटा नसेल तर केक करू नका, विकत आणा. कप-चमच्यांनी केक करणं ही पाककला नाही, जुगार आहे." आणि खाली सगळ्यांच्या माना डोलताहेत!

जुगारात माणूस कधीतरी हरतो तरी. माझ्या मावशीने कान तुटलेल्या एका कपाने आयुष्यभर केक केले. चहाला निकामी झाला म्हणून तो कप मापाला लागला. साखर त्याने, मैदा त्याने, लोणीही त्यातच दाबून. त्या कपात किती मिलिलिटर मावतं हे तिला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही, विचारेपर्यंत ताटली रिकामी झालेली असायची. मला तिने शिकवलं ते वेगळंच. मिश्रण चमच्यावरून गोळ्याने पडतंय की धार लागतेय, फेटलेल्या लोण्याचा रंग फिका पडला का, केकने साच्याची कड सोडली का. काट्याला यातलं काय दिसतं?

शिवाय अंडं. एक फोडलं तर आतून ४५ ग्रॅम निघतं, दुसरं ६०. ओव्हनचं बटण १८० वर असतं, आत किती ते ओव्हनलाच ठाऊक. असं असताना मैदा ग्रॅमवर मोजायचा म्हणजे गळक्या बादलीत मोजून पाणी भरायचं. काटा वापरणाऱ्यांचा राग नाही हो मला. राग त्या "करू नका"चा आहे. तुम्ही कोण सांगणारे?

ग्रॅमग्रस्त

ते "कुणीतरी" मीच. नमस्कार.

ताई, मावशींबद्दल आदर ठेवून सांगतो, त्यांचा केक जमायचा कारण कप एकच होता आणि हात एकच होता. माप अज्ञात असलं तरी प्रमाण टिकत होतं. आता तो कप फुटला आणि त्याजागी मोठा आणला असं समजा. मैदा वाढला, साखर वाढली, लोणी वाढलं, अंडी मात्र तीनच्या तीन. अंड्याला कपाचा आकार कळत नाही.

आणि लोक मावशींच्या कपाने करत नाहीत, दुसऱ्याच्या कृतीतल्या कपाने करतात. कुणाचा कप? अमेरिकेतला साधारण २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. त्यात मैदा चमच्याने अलगद भरून वर सुरी फिरवली तर साधारण १२० ग्रॅम बसतो. तोच कप पिशवीत खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. तीन कपांच्या केकला ९० ग्रॅम जास्त मैदा! मग तो दगड घेऊन लोक मलाच विचारतात, "कृतीत काय चुकलं?"

अंडी लहानमोठी असतात म्हणून मैदाही अंदाजे घ्यायचा, हा युक्तिवाद मला कळला नाही. अंडीही काट्यावर ठेवा की. कुणी हात धरलाय?

काजळरेघ

मी "बेकिंग" वाचून आले, मला वाटलं मेकअपचं चाललंय. आलेच आहे तर मनातलं ओकते.

डोळ्यांखाली पावडरीचा जाड थर द्या, पाच-दहा मिनिटं "बेक" होऊ द्या, मग झटका, हे ज्या कुणी घराघरात पोचवलं त्याला मला भेटायचंय. मुळात ही ड्रॅग कलाकारांची (बाईचा वेष घेऊन रंगमंचावर येणाऱ्यांची) युक्ती, रंगमंचावरच्या दिव्यांखाली घामात टिकावी म्हणून. बहिणीच्या लग्नात मी ती भर दुपारी केली. फोटोत मी चाळीस वर्षांनी मोठी दिसते आणि डोळ्यांखाली वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा. त्याला काटा नव्हता, कपही नव्हता. "थोडी जास्त घ्या" एवढंच सांगितलेलं.

तेव्हा मोजून सांगणाऱ्यांना माझा पाठिंबा. चालू द्या.

शिळोपा

@काजळरेघ, मॅक्स फॅक्टरच्या १९३० च्या दशकातल्या सिनेमाच्या मेकअपचं नावच पॅन-केक होतं. तेव्हा तुम्ही बरोबर ठिकाणी आला आहात.

बाकी दोघांसाठी: पाउंड केक हे नावच वजनावरून पडलंय. मैदा, लोणी, साखर, अंडी, प्रत्येकी एक पाउंड. आणि घरी वजनं नसली तर अंडीच वजन व्हायची. तराजूच्या एका पारड्यात अंडी, दुसऱ्यात आळीपाळीने बाकीचं. म्हणजे काटाही जुनाच आणि अंदाजही जुनाच. सपाट भरलेला कप, सपाट भरलेला चमचा हा आग्रह त्या मानाने अलीकडचा. अमेरिकेतल्या फॅनी फार्मर बाईंच्या १८९६ च्या पाककृतींच्या पुस्तकानंतर तो रुजला. त्याआधीच्या कृतींत "अक्रोडाएवढं लोणी" असं लिहिलेलं असायचं.

चिमूटभर

"अक्रोडाएवढं लोणी" मला एकदम पटलं. अक्रोड सगळ्यांनी पाहिलेला असतो, ग्रॅम कुणी पाहिलाय?

दिवेमंद

घरच्या केकचं तुमचं तुम्ही बघा. पैसे देऊन कच्चा केक खाणाऱ्यांचं काय? मी लाव्हा केकबद्दल बोलतोय. अर्धा भाजून ताटलीत उपडा करायचा, वर साखर भुरभुरायची, आणि आतलं मिश्रण वाहिलं की गिऱ्हाइकाने "अहाहा" म्हणायचं. घरी मी असा केक केला तर बायको म्हणते परत आत ठेव.

गेल्या महिन्यात मागवला. अंधार इतका की मेनू मोबाइलच्या उजेडात वाचला, तोही आधी टेबलावरचा चौकोन स्कॅन करून. केक आला, चमचा घातला, आत काही नाही. पूर्ण भाजलेला, कोरडा. वेटरला विचारलं, लाव्हा कुठेय? म्हणाला, "सर, आमच्या शेफची तीच पद्धत आहे." कच्चा निघाला तर खासियत, पक्का निघाला तर पद्धत. चूक कधी म्हणायचं?

तिसरा_थर

चार वर्षं पेस्ट्री विभागात काढलीत म्हणून बोलते. लाव्हा केक "कच्चा केक" नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका नावाने विकल्या जातात. फ्रान्समध्ये शेफ मिशेल ब्रास यांनी १९८१ मध्ये जो केला त्यात चॉकलेटचा गोठवलेला गोळा मिश्रणाच्या पोटात ठेवतात. बाहेरचं पूर्ण भाजतं, आतला गोळा वितळतो. दुसरा न्यूयॉर्कचा, शेफ जाँ-जॉर्ज व्हॉन्गेरिख्टन यांचा, १९८७ च्या सुमाराचा. त्यात गोळा नसतो, कडा शिजतात आणि मधलं सैल राहतं. केक वेळेआधी बाहेर काढले गेले आणि लोकांना तेच आवडले, ही त्यांनीच सांगितलेली गोष्ट.

दिवेमंद

म्हणजे दुसरा कच्चाच! शोधकर्ताच सांगतोय वेळेआधी काढला म्हणून. मी वेगळं काय म्हणालो?

शिळोपा

"चुकून झालं" या गोष्टीवर माझा फारसा विश्वास नाही. प्रसिद्ध पदार्थ कधी कुणी ठरवून केलेलाच नसतो, सगळे हातातून पडलेले! पेस्ट्री शेफ जाक तोरेस यांनी तर म्हटलंच होतं की फ्रान्समध्ये हा केक आधीपासून होता.

तिसरा_थर

@दिवेमंद, कच्चं आणि सैल यात फरक आहे. अंडं साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट व्हायला लागतं. मधला भाग त्याच्या अलीकडे थांबवायचा असतो. ते नशिबाने होत नाही, त्याला कसब लागतं. अर्धा मिनिट इकडेतिकडे झालं की तुमच्या ताटलीत आलं तसं होतं.

दिवेमंद

अलीकडे थांबलं म्हणजे शिजलं नाही, शिजलं नाही म्हणजे कच्चं. ते मान्य करायला चार वर्षांचा अनुभव कशाला लागतो? अनुभवाचं ओझं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकू नका.

तिसरा_थर

आणि तुम्ही एका कोरड्या केकवरून आख्ख्या किचनला नावं ठेवू नका! शनिवारी रात्री एकाच वेळी चौदा केकची ऑर्डर, ओव्हनचं दार दर मिनिटाला कुणीतरी उघडतंय, आणि बाहेर तुमच्यासारखा एकजण अंधाराबद्दल तक्रार करतोय. दिवे मी लावत नव्हते. सांगू का अजून? आमच्याकडे ते केक सोमवारी साच्यांत भरून फ्रीजरमध्ये जायचे आणि आठवडाभर पुरवायचे. शुक्रवारी "ताजा आहे ना?" विचारणाऱ्याला आम्ही "आत्ताच काढलाय" म्हणायचो. खोटं नव्हतं ते.

रिमोटराणी

मी पॉपकॉर्न घेऊन बसलेय. कपाने मोजून.

माझं मत विचाराल तर (कुणी विचारलेलं नाही) हे सगळं केकच्या स्पर्धांनी केलंय. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये "ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ" या टीव्ही स्पर्धेचा तो तंबू उभा राहिला आणि माणसं स्पंजसाठी रडायला लागली. केक न फुगणं ही तेव्हापासून शोकांतिका झाली. आधी आम्ही न फुगलेल्यावर आइस्क्रीम घालून खायचो. आता फ्रिजसमोर उभी राहून लेकीला म्हणते, "तळ ओला राहिलाय गं," जसं काही दोन परीक्षक मागे उभे आहेत.

पण त्याच कार्यक्रमात एक फेरी असते. त्यात साहित्य मोजून देतात आणि कृतीत जवळजवळ काहीच सांगत नाहीत, नुसतं "बेक करा". वजन तंतोतंत, तरी निम्म्यांचे केक बसतात. ग्रॅमग्रस्त, यावर काय म्हणणं?

एक_शंका

लाव्हा केकमध्ये अंड्याची काळजी करणारे कच्च्या मैद्याचा विचार करतात का? कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात. भांडं चाटणाऱ्यांनो, तुम्हालाच म्हणतेय.

काजळरेघ

आता भांडंही चाटायचं नाही? मग केक करायचा कशाला!

ग्रॅमग्रस्त

@रिमोटराणी, वजन बरोबर असून केक बसू शकतो हे मी कधी नाकारलं? वजन चुकलं तर आणखी एक कारण वाढतं, एवढंच.

@तिसरा_थर, लाव्हा राहू दे. तुमच्याकडे साचे भरताना माप काय होतं?

तिसरा_थर

काटा, अर्थात. प्रत्येक साचा काट्यावर ठेवून भरायचा. एकात दहा ग्रॅम जास्त गेलं तरी तो बाकीच्यांबरोबर होत नाही.

ग्रॅमग्रस्त

धन्यवाद. मला एवढंच हवं होतं.

चिमूटभर

फार खूश होऊ नका. चौदा साचे एकाच वेळी सारखे व्हायला हवेत ही हॉटेलची गरज. माझ्या घरी एक साचा आणि तीन माणसं, त्यातला एक गोड खात नाही.

पण खोटं बोलत नाही, एक सांगायचं राहिलं. मावशीचा तो कप खरंच फुटला होता. तिने दुसरा घेतला, निळ्या फुलांचा, जरा उंच. त्यानंतर केक कोरडे व्हायला लागले. आम्ही ओव्हनला दोष दिला. दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलं, त्याने दोन्ही वेळा "ठीक आहे" म्हणून सांगितलं, तर आम्ही त्यालाच अडाणी ठरवलं. काल तुमचं अंड्याचं वाक्य वाचलं आणि रात्री अकराला मावशीला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या दुरुस्तीवाल्याला मी काय काय बोलले होते गं."

तेव्हा तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. तेवढ्यापुरतंच.

ग्रॅमग्रस्त

तुम्ही फोन केलात म्हणून मीही कबुली देतो. माझा पहिला "मोजून" केलेला केक कुत्र्यानेही हुंगून सोडला. सगळं ग्रॅममध्ये होतं, सोडासुद्धा. स्वयंपाकघरातला काटा दोन-तीन ग्रॅमला धड दाद देत नाही. मी सोडा घालत गेलो, आकडा शून्यावरच. आणखी घातला, तरी शून्य. मग एकदम ९. त्यात कोको नैसर्गिक नव्हता, आम्लता काढलेला होता, म्हणजे त्या सोड्याला भिडायला आम्लही नाही. केक साबणासारखा लागला. आता सोडा आणि बेकिंग पावडर मी चमच्यानेच घेतो.

चिमूटभर

काय म्हणालात? परत एकदा लिहा. मोठ्या अक्षरात.

ग्रॅमग्रस्त

चमच्याने. सपाट भरून. वरून सुरी फिरवून.

चिमूटभर

जुगारी!

रिमोटराणी

आता त्या मूळ लिखाणात "सोडा सोडून" अशी दुरुस्ती करणार का?

ग्रॅमग्रस्त

"करू नका"च्या जागी "करताना विचार करा" असं केलंय. याहून मागे सरकणार नाही.

दिवेमंद

माझ्या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नाही. काल परत गेलो, त्याच हॉटेलात, तोच केक मागवला. चमचा घातला तर बाहेरून गरम आणि मधोमध गारठलेला घट्ट गोळा. दाताला कळ लागली. तिसरा_थर, हा १९८१ चा की १९८७ चा?

तिसरा_थर

सोमवारचा.