वेगापेक्षा जागा न धरणारे जास्त अवघड

फुटबॉलमध्ये बचावपटूंना अडवायला सगळ्यात अवघड आक्रमक कोण, या प्रश्नावर बहुतेकांनी एमबाप्पे, विनिशियस अशी वेगवान मंडळी सुचवली आहेत. पण वेगावर निदान उपाय तरी ठाऊक असतो: बचावफळी मागे ठेवायची, तिच्यामागे मोकळी जागा सोडायची नाही, बगलेला (मैदानाच्या कडेला) दोघे लावायचे. (उपाय ठाऊक असून भागतं असं नाही. नेदरलँड्सचा रॉबेन उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने मारणार हे सगळ्यांना पाठ होतं, तरी गोल व्हायचेच.)

खरी पंचाईत करतात ते ठरलेली जागाच नसलेले आक्रमक. २ मे २००९, रियल माद्रिदचं मैदान बर्नाबेऊ. बार्सिलोनाचा प्रशिक्षक ग्वार्डिओलाने मेस्सीला आक्रमणाच्या मध्ये आणलं आणि मधला आक्रमक एटोला उजव्या बगलेवर पाठवलं. मेस्सी पुढे थांबेचना, सारखा मधल्या फळीत उतरायचा. माद्रिदचे बचावपटू कॅनावारो आणि मेट्झेल्डर कात्रीत सापडले: त्याच्यामागे जावं तर रिकाम्या जागेत बार्सिलोनाचाच ऑन्री घुसणार, जागेवर थांबावं तर मेस्सी निवांत वळणार. माद्रिद घरच्या मैदानावर २-६ हरलं.

माझ्या यादीत असंच आणखी एक नाव, जर्मनीचा थॉमस म्युलर. ना फार वेग, ना डोळ्यांत भरणारं ड्रिबलिंग, तरी २०१० आणि २०१४ च्या विश्वचषकांत प्रत्येकी ५ गोल! अशा माणसाचे व्हिडिओ दाखवून प्रशिक्षक बचावपटूंना सांगणार तरी काय?